चांगलं उभं राहण्याचा दाखला

बालाजी पोलीस पाटील आज साडेचार वर्षांनी या घराची पायरी चढणार होते, आणि नर्मदाबाईंना सकाळपासून एकच प्रश्न पडला होता, की त्यांना चहा कपात द्यायचा की स्टीलच्या ग्लासात. प्रश्न चहाचा नव्हताच. पण खऱ्या प्रश्नाला हात घालायची हिंमत नसली की माणूस असले प्रश्न काढून बसतो, आणि नर्मदाबाईंचा त्यात हातखंडा होता. ओसरी दोनदा झाडून झाली. सतरंजी एकदा उलटी आणि एकदा सुलटी अंथरून झाली.

हे लचांड सुरू झालं गुरुवारी. हिंगोलीच्या दवाखान्यातून सुनेनं, सृष्टीनं, ड्युटीवरूनच नवऱ्याला, माऊलीला, फोन केला. "बाकी सगळे कागद आयर्लंडनं घेतले, गुड स्टँडिंगचं सर्टिफिकेट तेवढं अडकलंय. दहा तारखेच्या आत तिकडच्या बोर्डाकडं सुटलं पाहिजे, नाहीतर फाईल बंद." एवढं बोलली, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी 'सिस्टर' म्हणून हाक मारली आणि फोन कट झाला. माऊलीचं गोरेगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान. आख्ख्या बाजारातल्या लोकांचे आधार, पीकविमे आणि पासवर्ड त्याच्या बोटांवर. त्यानं हे दोन शब्द फोनमध्ये टाकले आणि मराठी विचारली. फोननं उत्तर दिलं, 'चांगले उभे राहणे.'

"उभं राहायचा दाखला?" त्याचे वडील ग्यानबा चक्रावले. "बारा बारा घंटे उभीच तर राहती ती दवाखान्यात. त्याचा बी कागद लागतो का?"

"तसं न्हाई बाबा. चांगलं उभं राहणं म्हंजी चांगलं वागणं. चालचलणुकीचा दाखला आसंल. आपला परसराम पोलिसात लागला तव्हा त्याला न्हाई का लागला?"

"मंग तो तर पोलीस पाटलाचा."

बापलेकांनी एकमेकांकडं पाहिलं. पोलीस पाटील म्हणजे बालाजी, ग्यानबांचा चुलतभाऊ, घर तीन अंगणं सोडून. कोविडच्या दुसऱ्या लाटेत त्याची आई केशरकाकू हिंगोलीच्या सेंटरला गेली, त्या दिवशी वॉर्डाच्या दारात सृष्टी होती. तिनं बालाजीला आत सोडलं नाही. म्हातारी आत गेली ती गेलीच. तेव्हापासून त्या घरानं या घरातलं पाणी सोडलं होतं. पण अडला हरी, म्हणत ग्यानबा शुक्रवारी स्वतः गेले आणि रविवारी दुपारचं आवतण देऊन आले. सुनेला विचारायचं कुणालाच सुचलं नाही. ती लागोपाठ ड्युट्या करून दवाखान्याच्या हॉस्टेलवरच झोपत होती, तिला कशाला तकलीफ, असा दोघांचा चांगला विचार होता. घरात गोंधळ बहुधा चांगल्या विचारानंच होतो.

नर्मदाबाई त्या दिवसापासून गप्प होत्या. पहिल्या रात्री त्यांना, खरं सांगायचं तर, बरं वाटलं होतं. बालाजीभाऊजी दाखला देणार नाहीत, दहा तारीख निघून जाईल, सून घरीच राहील. पाच वर्षांची छकुली आईविना राहणार नाही. पहिल्यांदा सृष्टी एकटीच जाणार, वर्षभरानं माऊलीला आणि पोरीला नेणार, मग या घरात दोन म्हातारी आणि एक म्हैस. त्यापेक्षा होतं ते काय वाईट होतं? दुसऱ्या रात्री मात्र त्यांची झोप उडाली. भाऊजी आले की जुना विषय निघणार. आणि जुना विषय निघाला की त्या वेळी नर्मदाबाई काय बोलल्या होत्या तेही निघणार.

त्या वेळी सृष्टी एक्केचाळीस दिवस घरात आली नव्हती. माऊली तिला मोटारसायकलवर सोडायचा, आणायचा, आणि ती परस्पर शेतातल्या आखाड्यावर, तिथल्या खोपटात, जाऊन झोपायची. घरात आठ महिन्यांची छकुली आईच्या दुधासाठी रडून काळीनिळी व्हायची आणि नर्मदाबाई बाटली घेऊन तिच्यामागं. तसल्याच एका दिवशी केशरकाकूच्या दहाव्याला त्या बालाजीच्या घरी गेल्या आणि सोजराबाईच्या रडण्यात त्यांचाही बांध फुटला. "तिच्या मनात असतं तर सोडलं असतं तुमाला," त्या बोलून गेल्या. "डाक्टरच्या पाहुण्याला बराबर सोडलं तिनं." डॉक्टरचा पाहुणा आत गेला होता हे खरं होतं. पण ती पाळी दुसऱ्या नर्सची होती, आणि सृष्टी त्यावरून फोनवर संतापलेली होती, हेही नर्मदाबाईंना माहीत होतं. माहीत असून त्या बोलल्या. राग पोरीसाठी होता, निघाला भलतीकडं.

दुपारी दोनला बालाजी आले. पांढरा सदरा, खिशाला पेन, हातात कापडी पिशवी, पिशवीत शिक्का आणि स्टँप पॅड. मागं सोजराबाई. ती उंबऱ्यात थबकली, नर्मदाबाईंकडं एकदाच पाहिलं आणि आत येऊन भिंतीला टेकून बसली. ते एक पाहणं नर्मदाबाईंना पुरलं. चोराच्या मनात चांदणं. चहा शेवटी ग्लासातच दिला.

"पाणी द्या आधी," बालाजी म्हणाले, आणि ग्यानबांचे डोळे भरून आले. साडेचार वर्षांनी भाऊ पाणी मागत होता. ते स्वतःच उठून तांब्या घेऊन आले.

"हां, काय भानगड हाय ते सांगा आता. आधी परवाना का आधी व्हिसा?"

माऊलीनं दुकानातला आवाज लावला. "असं हाय मोठे बापू. आधी तिकडचं नर्सिंग बोर्ड कागद तपासतं. डिग्री, इकडच्या कौन्सिलची नोंदणी, इंग्लिशची परीक्षा. त्यात ती पास हाय. मंग बोर्ड पत्र देतं. ते पत्र दावलं की दवाखाना नोकरी देतो, मंग वर्क परमिट, मंग व्हिसा. मंग तिथं गेल्यावर येक परीक्षा. ती झाली की परवाना."

"म्हंजी गाडी घिऊन जायचं आन लायसन तिथं?" ग्यानबा म्हणाले.

"तवर ती नर्स म्हणून काम न्हाई करायची, बाबा."

"मंग नोकरी कशाची देतेत?"

"नर्सची."

ग्यानबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. त्यांनी हळदीचं पेवापासून पॉलिशपर्यंत सगळं डोक्यात ठेवलं होतं, बैलाच्या दातावरून वय सांगायचे, पण हे गणित त्यांच्यापुढं दर वेळी उलटं उभं राहत होतं. "आन आयर्लंड म्हंजी इंग्रजाचंच ना?"

"न्हाई, ते येगळं हाय."

"मंग इंग्लिशची परीक्षा काहून?"

सोजराबाईला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं. बालाजी हसले नाहीत. त्यांनी मांडीवर वही घेतली, वहीवर कोरा कागद ठेवला आणि सुवाच्य अक्षरात वर लिहिलं, 'दाखला देण्यात येतो की'. पुढं सृष्टीचं पूर्ण नाव आलं, गाव आलं, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली आलं. 'सदरहू इसम' लिहून त्यांनी खोडलं, 'सदरहू महिला' केलं. 'महिलेची चालचलणूक' इथवर पेन आलं आणि थांबलं.

"मी खोटं लिहीत नसतो ग्यानबा. तुला ठाव हाय."

"खोटं कोण लिहा म्हणतं दादा?"

"मंग बोला घरची माणसं. मी दोघांच्या जबानीवर लिहीन. माझं मत मी लिहीत न्हाई, कारण माझं मत चांगलं न्हाई."

माऊलीचे कान लाल झाले. तो काही बोलणार तोच ग्यानबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि स्वतः सुरू झाले. पोरगी कष्टाळू आहे, वडिलांच्या माघारी बहिणीचं लग्न तिनंच लावलं, माझ्या मोतीबिंदूला तीच उभी राहिली. बालाजी ऐकत होते, लिहीत नव्हते.

"उभी राहती ती," ते म्हणाले. "मला बी ठाव हाय ती कशी उभी राहती. दारात आडवा हात लावून उभी व्हती. माय आतून वरडून राहिली, 'बाला, बाला,' मी भाईर. काचंतून पाय दिसले मला तिचे नुस्ते. त्या पोरीनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई."

"तिला नेम व्हता तसा," माऊली म्हणाला.

"नेम समद्याला सारखा असता तर मी तोंड उघडलं नसतं."

नर्मदाबाईंच्या हातातला ग्लास परातीत जरा जोरात पडला. सोजराबाईनं पुन्हा पाहिलं. आता बोलायला हवं, हे त्यांना कळत होतं, आणि बोललं की सगळं संपलं, हेही कळत होतं. सून आज ना उद्या जाणार. ती जाताना पाया पडेल, तेव्हा तिच्या मनात सासूची काय मूर्ती असेल? त्यांनी परातीतला ग्लास उचलून आधीच विसळलेला पुन्हा विसळला.

"वैनी," बालाजींनी विचारलं, "तुमची जबानी? सासूचं काय म्हणणं हाय?"

"मला काय विचारता," नर्मदाबाई म्हणाल्या. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागून राहिली ती. पोरीला टाकून चालली." हे त्यांना बोलायचं नव्हतं. पण तोंडातून तेच आलं.

"माय!" माऊली ओरडला. "तूच आसं बोलायलीस?"

"मी काय वाईट बोलले? जाऊ नको म्हणायचा हक न्हाई का मला?"

"हक हाय. पण ती हितं नसताना काहून? ती असताना तर तुज्या तोंडातून शब्द निघत न्हाई."

हे अगदी खरं होतं, म्हणून फार लागलं. नर्मदाबाई तोंड फिरवून छकुलीला हाका मारू लागल्या. छकुली तर शेजारी खेळायला गेली होती आणि ते त्यांना ठाऊक होतं.

चारच्या जीपनं सृष्टी उतरली. खांद्याला पिशवी, पायात ड्युटीचे पांढरे बूट, डोळ्यांखाली काळं. अंगणात चपलांचे जादा जोड पाहून ती थांबली. ओसरीवर बालाजींना पाहून तिनं आधी डोक्यावरून पदर घेतला, मग वाकून दोघांच्या पाया पडली. बालाजींनी पाय मागं घेतले नाहीत, पण आशीर्वादही तोंडातून निघाला नाही.

"तुझा दाखला चालू हाय," ग्यानबा उत्साहानं म्हणाले. "चांगलं उभं राहायचा. दादा लिहून राहिले, शिक्का बी आणलाय."

सृष्टीनं कागद हातात घेऊन वाचला. 'सदरहू महिलेची चालचलणूक'. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, आणि मग तिला हसू यायला लागलं, ते आवरेना. ती पायरीवर बसली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले.

"मामा, हा न्हाई हो. गुड स्टँडिंग म्हंजी मुंबईच्या नर्सिंग कौन्सिलचं पत्र. ही बाई आमच्याकडं नर्स म्हणून नोंदलेली हाय, आन हिच्यावर काई तक्रार न्हाई, एवढंच. गावच्या दाखल्याचं तिकडं काई काम न्हाई."

"फोनवर तू..." माऊली म्हणाला.

"फोनवर मी अडकलंय म्हणलं. ते का अडकलंय हे सांगायच्या आत कट झाला." तिनं कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "कौन्सिलनं पत्र दिलंय. पण त्यात लिव्हलंय, येक तक्रार आली व्हती, चौकशी झाली, प्रकरण बंद झालं. आता आयर्लंडचं बोर्ड इचारतंय, तक्रार कशाची व्हती. त्याचा खुलासा दहा तारखेच्या आत द्यायचाय."

"तक्रार?" ग्यानबांनी विचारलं. "तुज्यावर? कुणी केली?"

सृष्टीनं बालाजींकडं पाहिलंसुद्धा नाही. आणि ती पाहत नव्हती म्हणूनच सगळ्यांनी पाहिलं.

"तो अर्ज माझा," बालाजी म्हणाले. मांडीवरची वही त्यांनी खाली ठेवली. "रजिस्टर पोस्टानं धाडला व्हता. उत्तर आलं न्हाई, मला वाटलं गेला वाऱ्यावर."

माऊली ताडकन उठला. "म्हंजी घरातल्या पोरीवर मुंबईला अर्ज? आन आज हितं शिक्का घिऊन बसले!"

"बस खाली," ग्यानबा म्हणाले. साडेचार वर्षं ज्या भावासाठी ते झुरले, तो पाणी पिऊन समोर बसलेला होता, आणि त्याला काय म्हणावं हे त्यांना सुचत नव्हतं.

"मी मनानं रचून लिव्हलं न्हाई," बालाजी म्हणाले. "डाक्टरच्या पाहुण्याला सोडलं, मला न्हाई, आसं ऐकलं. ऐकलं तेच लिव्हलं."

"कुणाकडून ऐकलं?"

बालाजींनी पेनाचं टोपण लावलं. सोजराबाई स्वतःच्या बांगड्या मोजल्यासारख्या फिरवत राहिली. दोघांपैकी कुणीही नाव घेतलं नाही, आणि घेणार नाहीत, हे नर्मदाबाईंना लख्ख कळलं. साडेचार वर्षं ती दोघं या घरावर रुसली होती, पण त्यांनी नर्मदाबाईंना उघडं पाडलं नव्हतं. आज गप्प बसलं तर ते कायमचं झाकलं जाणार होतं. आणि दहा तारीखही अशीच निघून गेली असती. हवं होतं ते सगळं ताटात वाढून आलं होतं, आणि घास काही उतरत नव्हता.

"माझ्याकडून," त्या म्हणाल्या.

माऊलीनं वळून पाहिलं. "काय, माय?"

"मी सांगितलं भाऊजीला. दहाव्याच्या दिवशी. त्या टायमाला सृष्टीची पाळी नव्हती हे मला ठाव व्हतं, तरी बी सांगितलं." एवढं बोलून त्या चुलीकडच्या दारातच खाली बसल्या. "घरात लेकरू रडून राहिलं व्हतं आन ही येत नव्हती. मला राग आला व्हता. मला वाटलं, समदी झळ माझ्याच घराला का? येवढंच हाय. दुसरं काई न्हाई."

ग्यानबांनी टोपी हातात धरली होती ती तशीच राहिली. अंगणातली म्हैस हंबरली, तिच्या पाण्याची वेळ झाली होती, पण कुणी उठलं नाही.

"मला ठाव हाय, आत्या," सृष्टी म्हणाली.

नर्मदाबाईंनी मान वर केली.

"कौन्सिलनं माझा खुलासा मागितला तव्हा अर्जाची नक्कल जोडली व्हती. दवाखान्याच्या पत्त्यावर आली. त्यात मोठ्या मामांनी लिव्हलं व्हतं, 'असे तिची सासू सांगते.'"

"कव्हा?"

"त्याच सालच्या दिवाळीत."

नर्मदाबाईंनी मनातल्या मनात चार दिवाळ्या मागं जाऊन पाहिल्या. त्या दिवाळीला सृष्टीनं त्यांच्या डोक्याला तेल लावलं होतं. शंकरपाळे तळताना दोघी हसल्या होत्या. त्यानंतर गुडघ्याचं दुखणं झालं, इंजेक्शनं तिनं दिली. त्या सगळ्या दिवसांत हे तिच्या पोटात होतं.

"मंग काहून न्हाई बोललीस गं मला? भांडायचंस तरी."

सृष्टीनं बुटांच्या नाड्या सोडल्या. एक, मग दुसरी. ती रागावलेली नव्हती, नुसती थकलेली होती, आणि म्हणून तिनं खरं तेच सांगितलं.

"भांडले असते तर छकुलीला कुणाकडं ठिवून ड्युटीला गेले असते?"

नर्मदाबाईंना वाटलं होतं, सून आपल्याला मानते म्हणून गप्प राहते. काही मानलंही असेल. पण मुळात तिचा इलाज नव्हता, हे आज कळलं, आणि त्यांना रडू फुटलं. सोजराबाई उठून त्यांच्याजवळ येऊन बसली. पाठीवर हात ठेवला नाही, नुसती बसली.

बालाजी सृष्टीकडं वळले. "सूनबाई. माय काय बोलली का शेवटी?"

"बोलल्या," सृष्टी म्हणाली. "गेल्या त्या दिवशी सकाळी मी येणी घातली त्यांची. म्हणल्या, 'बाला आला तं आत येऊ देऊ नको. त्याला शुगर हाय.' मी तुमाला सांगाया आले व्हते दहाव्याला, मोठे मामा. आखाड्यावरूनच आले, अंगणाभाईर उभी राहिले. तुमी दार लावून घेतलं."

बालाजींनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले. तो पुसून होईचना. "मी लिहून देतो," ते अखेर म्हणाले. "अर्ज ऐकीव व्हता म्हणून. पण माझ्या येकट्याच्या लिहिण्यानं भागंल का? अर्जात साक्ष दुसऱ्याची हाय."

"राहू द्या," सृष्टी घाईनं म्हणाली. "माझा खुलासा मी लिहीन. आत्याचं नाव कशाला तिकडं?"

नर्मदाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. या कागदानं सून जाणार होती. तो लिहिला नाही तर कदाचित राहणारही होती, पण कशी राहणार होती, हे त्यांनी आत्ताच ऐकलं होतं. त्या उठल्या, ओसरीवर आल्या आणि सतरंजीवर बालाजींच्या समोर मांडी घालून बसल्या.

"भाऊजी, तो अर्धा कागद फाडून टाका. नवा घ्या. तारीख घाला आजची."

बालाजींनी पेनाचं टोपण काढलं. "काय लिहू?"

"लिव्हा," नर्मदाबाई म्हणाल्या. "तिची सासू सांगते."